८०८० नंबरचं बंद दार

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. जुन्या जालन्यातल्या एका घरात कपाटावर धूळ खात पडलो आहे. कुठं बनलो ते विचारू नका. खोक्यावर लिहिलं होतं, आणि ते खोकं तेव्हाच रद्दीत गेलं.

२००७ साली संपतनं मला विकत आणलं. त्याची आई तुळजाबाई लकव्यानं अंथरुणाला खिळली होती. वाचा गेलेली, फक्त उजवा हात तेवढा उचलता यायचा. संपतला मस्कतला नोकरीवर परतणं भाग होतं. त्यानं आईच्या खाटेसमोर कॅमेरा बसवला आणि माझ्या सेटिंगमध्ये ८०८० नंबरचा पोर्ट उघडला. पोर्ट म्हणजे दारच समजा. माझी बाकीची दारं बाहेरच्यांना बंद. या एका दारातून त्याला मस्कतहून आई दिसायची. रोज चार वाजता तुळजाबाई कॅमेऱ्याकडे बघून हात उचलायच्या. लगेच संपतचा वडिलांना फोन यायचा, "बाबा, पाह्यलं मी. आईला सांगा." अहो, त्या एका फोनवर त्या अख्खा दिवस काढायच्या! मलाही स्वतःचा भारी अभिमान वाटायचा.

मग खंडेनवमी आली. संपतचे वडील अप्पाराव जन्मभर लेथ मशीनवर राबलेले. यंत्र पुसायचं, तेलाची छिद्रं तारेनं मोकळी करायची, मग हळदकुंकू वाहायचं, ही त्यांची रीत. त्यांनी मला मऊ फडक्यानं पुसलं. "पोरगं पाहत आसंल, बंद न्हाई करत," असं म्हणत माझ्या पाठीवरच्या बारीक छिद्रात तार घातली आणि चांगली दाबून धरली. अरे देवा, ते तेलाचं छिद्र नव्हतं! आत रीसेटचं बटण होतं. संपतनं मला शिकवलेलं सगळं पुसलं गेलं. अप्पारावांनी मला झेंडूचा हार घातला.

नेट बंद पडलं, तेव्हा संध्याकाळी मला विकणारा दुकानदार येऊन पासवर्ड टाकून गेला. नेट सुरू झालं. त्या दाराचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाबा, आई दिसत न्हाई," संपतचा फोन आला.

"डब्यावरचे दिवे तर सगळे बराबर लागून राह्यले. नेटच्या कंपनीचंच कायतरी आसंल."

रोज हेच बोलणं. आणि चार वाजता तुळजाबाईंनी हात उचलला, की अप्पाराव म्हणायचे, "पाह्यलं बरं त्यानं." मी सगळं ऐकत होतो, पण माझं दार मला उघडता येत नाही हो! अकरा दिवस त्या हात दाखवत राहिल्या. बाराव्या दिवशी गेल्या.

संपत आला. दिवसकार्य झाल्यावर त्यानं माझं सेटिंग उघडलं. पोर्टची यादी कोरी होती. मग मला उलटं करून त्यानं पाठीवरचं रीसेटचं छिद्र पाहिलं, आणि त्याला कळलं.

"माझ्या हातून तर कायी बिघडलं न्हाई ना रे?" अप्पारावांनी मागून विचारलं.

"न्हाई बाबा," संपत म्हणाला. "कंपनीचीच लाइन खराब होती."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रात काही बदललंत, तर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवून दाखवा, कशाला हात लावायचा नाही ते. अप्पारावांनी तर माझी काळजीच घेतली होती. त्यांना सांगायचं राहून गेलं ते संपतकडून, आणि हे त्याला आता ठाऊक आहे.