एकोणीस एकटे आणि नऊ मशीन

लंडनच्या पेकहॅममध्ये माझी लाँड्री आहे आणि समोर चर्चचा हॉल. एका शनिवारी बुकोलाबाईंनी त्या हॉलमध्ये मेळावा ठेवला, आपल्या काळ्या, बिनलग्नाच्या माणसांचा. तिकिटं सगळी खपली. सहाच्या ठोक्याला हॉलमध्ये कोण? बाई, पातेलंभर जोलोफ भात आणि रिकाम्या खुर्च्या.

माणसं माझ्याकडे होती! आधी जाईल तो हपापलेला, हा आमच्यातला कायदा. म्हणून एकोणीस शहाणे अत्तर मारून नऊ मशीनपुढे बसलेले, स्वच्छ कपडे धूत. एकाकडे धुवायला काही नव्हतं, त्याने अंगातला कोट आत टाकला. एका चादरीवरची फुलं तर इतक्यांदा धुतली, की पाण्याबरोबर गटारात गेली. खोटं वाटत असेल तर गटार बघा.

त्यातच एबो. वय एकेचाळीस, धंद्याने इलेक्ट्रिशियन. दोघांचा भात शिजवतो आणि दोन दिवस एकटा खातो. तिकीट बहिणीने काढून दिलेलं. शेजारी रोशेल, सुईण. घरी स्वतःची मशीन आहे, हे तिने आत येतानाच मला सांगितलं होतं.

"समोर कसली गर्दी आहे हो?" एबोने तिला विचारलं. गर्दी म्हणजे बाई आणि पातेलं.

"लग्नाळूंचा मेळावा म्हणे."

"शी! माणसं काय केळी आहेत, बाजारात मांडायला? तिकीट काढून जाणाऱ्यांना लाज नसते."

"तुम्ही नाही ना गेलात कधी?"

"मी? माझ्यावर काय वेळ आलीय?"

ती हसली. तोही हसला. अर्धा तास दोघं असे बोलत होते, की मेळावा तिथेच झाला म्हणा. एबोच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच उजेड पाहिला.

तेवढ्यात बुकोलाबाई यादी घेऊन दारात. "लपा, लपा! भात निवतोय तिकडे. एबो क्वान्सा!"

सगळे आपापल्या मशीनमध्ये बघू लागले. एबो तर इतका वाकला, की झाकण उघडं असतं तर आत गेला असता.

"रोशेल बेकफर्ड!"

"मी." ती उठली. कोणीतरी फिसकन हसलं. ती एबोला म्हणाली, "खरंय तुमचं. लाज सोडली मी. आता भूक लागलीय." आणि कपडे मशीनमध्येच ठेवून रस्ता ओलांडून गेली.

"अंकल," एबो कुजबुजला, "तिचे कपडे राहिले. तुम्ही नेऊन देता?"

"माझे गुडघे मेळाव्याला जात नाहीत. तू ने."

"सगळे बघतील ना!"

बसला तिथेच. मशीन थांबली, कपडे काढले, वाळवले, घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. हळूहळू बाकीचे घरी गेले, ओल्या कोटवालासुद्धा.

आठ वाजता रोशेल परतली. घड्या पाहिल्या, मग त्याला पाहिलं. "नाव काय तुमचं?"

यादीतलं एक नाव उच्चारायचं, बस्स! मी मनात म्हटलं, बोल रे गाढवा.

"मी... मी इथे कामाला आहे," गाढव बोललं.

"असं होय," म्हणत तिने पिशवी उचलली.

तेव्हापासून दर शनिवारी एबो येतो, फुकट राबतो, दाराकडे बघतो. तिच्या घरी मशीन आहे हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. घड्या छान घालतो हो.