भिंतीला हाक

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून धापा टाकत येतं, हे आमच्या टोळीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून माझं नाव सुरुंग. कामावर लागलो त्याच आठवड्यात पहारवाल्याने माझ्या आईवरून काहीतरी म्हटलं आणि मी त्याचे दोन दात घशात घातले. संध्याकाळी कान धरून शपथ घेतली, पुन्हा कुणावर हात उचलणार नाही. पुढच्या पगारापर्यंतही ती टिकली नाही. ट्रकवाल्याचं नाक फुटलं, मग पुन्हा शपथ, मग ये रे माझ्या मागल्या. दारू सोडायची शपथ, शिव्या सोडायची शपथ, सगळं अळवावरचं पाणी. बायको म्हणायची, "तुमच्या शपथा विटांसारख्या रचल्या असत्या ना, तर घरावर दुसरा मजला चढला असता."

आम्ही इमारती पाडतो. बांधणाऱ्यांची नावं पाटीवर लागतात, पाडणाऱ्यांची लागत नाहीत, आणि ते बरंच आहे. इमारत रिकामी झाली की मोठं मशीन यायच्या आधी आतल्या भिंती आम्ही घणाने फोडतो. माझी बायको आणि इतर बाया राडारोडा खाली नेतात. मला हे काम आवडतं, खोटं कशाला बोलू? माणसावर उगारायचा हात भिंतीवर मोकळा करायचा आणि वर मजुरीही घ्यायची, असं सुख दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे?

आमचा मुकादम बुटका आणि दमेकरी, आवाज मात्र भोंग्यासारखा. त्याचा एक नियम होता. भिंतीवर पहिला घण घालण्याआधी दांड्याने ती ठोकायची, "आत कोणी आहे का?" अशी हाक मारायची आणि कान लावून थांबायचं. इमारत रिकामी असली तरी. भोकातून पलीकडची खोली दिसत असली तरी. मला हा सगळा बावळटपणा वाटायचा. एकदा मुकादमाची पाठ वळलेली बघून मी हाक न मारताच घण घातला. पलीकडे रंगाच्या डब्यांआड एक बेघर म्हातारा झोपला होता. भिंतीचा तुकडा त्याच्या खांद्यावर पडला आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. वीतभर इकडे असता तर डोक्याचा चेंदामेंदा झाला असता. म्हातारा ओरडत होता आणि मी घण धरून तसाच उभा होतो.

त्याला दवाखान्यात धाडल्यावर मुकादमाने सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली जाळ काढला. माझ्या छातीला लागणारा माणूस, विटांच्या ढिगावर चढून मला मारत होता.

"मुकादम, आईशप्पथ, आयुष्यात पुन्हा कधी..."

दुसरी बसली. "आयुष्याचं मला सांगू नकोस! आयुष्यभराचं बोलणारा दुपारच्या आत विसरतो. ही समोरची भिंत दिसते ना? हिला हाक मार. बस. पुढच्या भिंतीचं पुढे बघू."

त्या दिवसापासून तो लोखंडी सळई घेऊन माझ्या मागे उभा राहायला लागला. हाक विसरलो की पोटरीवर फटका. पोटऱ्या काळ्यानिळ्या पडल्या, रात्री बायको शेक देताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग फटके कमी झाले. मग तो मागे उभा राहायचाच बंद झाला आणि कधी झाला ते मला कळलंही नाही. हाक आपोआप तोंडातून निघायची. घरी न्हाणीघराच्या दाराला, शेजाऱ्याच्या फाटकाला, एकदा तर कपाटाला. बायको हसून हसून खाली बसली होती. आणि एक गोष्ट मी ठरवली नव्हती तरी झाली. दिवसभर भिंतींना कान लावून थांबता थांबता माणसांसमोरही क्षणभर थांबायला लागलो. टोळीत मारामाऱ्या कमी झाल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. चांगली खोडही तशीच चिकटते, हे मात्र कुणी सांगत नाही.

मग एका दुपारी माझ्या लग्न झालेल्या पोरीच्या शेजारणीचा फोन आला.

दवाखान्यात पोरगी होती, पण मी तिला ओळखलं नाही. जबडा मोडलेला, एक डोळा सुजून बंद, कानातून रक्त वाहून उशीवर सुकलेलं. जावयाने इस्त्रीने मारलं होतं. इस्त्री गरम नव्हती, एवढीच देवाची कृपा. तिला काही सांगायचं होतं, पण तोंडातून नुसते बुडबुडे येत होते. नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

याआधी ती दोनदा माहेरी आली होती आणि दोन्ही वेळा जावयाने माझ्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. मी ती मानली. शपथेची किंमत माझ्याइतकी कुणाला ठाऊक असेल? तरी मानली आणि पोरीला परत धाडलं.

बायको रडत नव्हती. पदराने मानेचा घाम पुसत म्हणाली, "आता शपथच घेणार असाल तर घरी जा. मी एकटी जाते त्याच्याकडे."

"आज मुडदा पाडतो त्याचा," मी म्हणालो.

तसं मी आजवर बऱ्याच जणांना म्हटलं होतं. त्या दिवशी खरंच ठरवलं होतं. टोळीच्या ट्रकमधून घण उचलला आणि दोघं त्याच्या घराचे जिने चढलो. आमची नात ठकी, चार वर्षांची, दिवसा विहीणबाईंकडे असायची. त्यामुळे घरात तो एकटाच, माझ्या वाट्याला आलेला.

बाहेरचं दार सताड उघडं होतं. फरशीवर रक्ताचे पायठसे, त्यातच पडलेली इस्त्री आणि तिला चिकटलेले माझ्या पोरीचे केस. ते केस बघून माझ्या मस्तकात तिडीक गेली. आतल्या खोलीची कडी सरकल्याचा आवाज आला. मी टीव्ही फोडला, आरसा फोडला, ज्या टेबलावर ती त्याचे शर्ट इस्त्री करायची त्याचे दोन तुकडे केले. सामानाला कोणी हाक मारत नाही.

"बाबा!" आतून त्याचा आवाज आला. "एवढ्या वेळेला सोडा. पुन्हा नाही करणार. शपथ घेतो!"

त्या शब्दाने माझं उरलंसुरलं डोकंही गेलं. दाराशी गेलो, घण वळवला, दांड्याने दार ठोकलं आणि ओरडलो, "आत कोणी आहे का?"

बायको माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, वेड लागलं का? कोणी आहे का काय विचारता? तोच आहे ना आत!"

मलाही ते कळत होतं. पण तोवर घण दाराच्या चौकटीला टेकवून झाला होता आणि कान दाराला लागला होता. आत तो श्वास रोखून उभा होता. आणि त्याच्या खाली, माझ्या कमरेच्या उंचीवर, चोंदलेल्या नाकातून कोणीतरी फुर्र फुर्र करत होतं. ठकीला आठवडाभर सर्दी होती, म्हणून त्या दिवशी तिला विहीणबाईंकडे धाडलंच नव्हतं. तिचं तोंड कुणीतरी दाबून धरलं होतं आणि ती तेवढ्या नाकावर श्वास ओढत होती.

मी बायकोला सांगायला वळलो. तेवढ्यात बायकोने घण उचलला. जन्मभर तिने राडारोडाच उचलला होता, भिंतीवर घाव घातला नव्हता, आणि हाक मारायची सवय तिला कुणी सळईने शिकवली नव्हती. तिने दोन्ही हातांनी घण मागे नेला. अडवायला वेळ नव्हता. घण दाराच्या मधोमध येताना दिसला आणि मी उजवा पंजा मध्ये घातला.

हाडं मोडल्याचा आवाज वाळक्या फांदीसारखा आला. पातळ फळीला उभी चीर गेली, पण दार फुटलं नाही.

"ठकी आहे आत!" मी किंचाळलो. "ठकी!"

बायकोच्या हातातला घण गळून पडला. आतून कडी निघाली. तो बाहेर आला तेव्हा ठकी त्याच्या पोटाशी होती, ढालीसारखी पुढे धरलेली, तोंडावर त्याचा पंजा. दाराची चीर बरोबर तिच्या डोक्याच्या रेषेत होती. मी डाव्या हाताने ठकीला खेचून घेतलं आणि कपाळ त्याच्या नाकावर घातलं. तो पडला तसा छातीत लाथ घातली, मग आणखी एक, बरगडी मोडल्याचं पायाला कळेपर्यंत. थांबलो, कारण शेजाऱ्यांनी मला मागे ओढलं. त्यांनीच त्याला वायरने बांधून पोलिसांच्या ताब्यात दिलं. तो आता तुरुंगात आहे आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या गडबडीतलं. बायको ठकीपुढे गुडघ्यांवर बसली आणि तिला कुरवाळायला हात पुढे केला. ठकी रडली नाही, पळाली नाही. ती भिंतीशी जाऊन उकिडवी बसली, हनुवटी छातीला लावली आणि दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली. अगदी व्यवस्थित, कान झाकले जातील अशी. घाबरलेलं पोर वेडंवाकडं हातपाय झाडतं. हिला सराव होता. मुकादमाच्या सळईने मला लावली तशी सवय त्या घराने तिला लावली होती, रोजच्या रोज. माझा पंजा मोडून लोंबत होता आणि तरी त्या क्षणी दुखत होतं ते भलतीकडेच.

पोरगी आणि ठकी आता आमच्याकडे असतात. पोरीचा जबडा जुळला, माझा पंजा नाही जुळला. घण धरता येत नाही, तेव्हा मुकादमाने मला टोळीच्या सगळ्या भिंतींना हाका मारायच्या कामावर ठेवलंय. बायकोने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "त्या हलकट बापाचं भूत सहा महिन्यांत उतरवते ठकीच्या अंगावरून, नाही उतरवलं तर..."

"सहा महिने राहू दे," मी म्हणालो. "आज काय करतेस ते सांग."

आता आम्ही तिला हात लावण्याआधी समोर खाली बसतो, रिकामे तळवे दाखवतो आणि थांबतो. जेवू घालताना, अंगावर पांघरूण घालताना, प्रत्येक वेळी. बायकोला याचा कंटाळा येतो. ती चिडते, मग आत जाऊन भांडी आपटते आणि परत येऊन बसते. काल ठकीने कोपरं वर घेतलीच नाहीत, तेव्हा बायको आनंदाने शेजारीपाजारी सांगत फिरली. आज सकाळी वेणी घालायला तिने फणी उचलली आणि ठकी भिंतीशी उकिडवी बसली, दोन्ही कोपरं डोक्यावर. बायकोने फणी फरशीवर ठेवली, तळवे उघडून दाखवले आणि तिच्यासमोर बसून राहिली. ठकीची बालवाडी बुडली.