सत्तारभाऊंचा डावा बूट

मी सत्तारभाऊंचा डावा बूट बोलतोय, छगननानांच्या नव्या घराच्या गच्चीवरून. मला माझ्याच नाडीनं लोखंडी सळईला टांगलंय. खालून जाणारी माणसं वर बघतात, पण इथे कसा आलास म्हणून कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगतो.

जाड काळ्या कातड्याचा मी, नशीब फौजेचं, पण तेही अर्धवेळ. सत्तारभाऊ सोनगीरला हायवेलगत ट्रक रंगवायचे आणि वर्षातून दोन महिने टेरिटोरियल आर्मीच्या पलटणीत जायचे. तिथे कुणी यावलचा केळी भरणारा, कुणी मास्तर, कुणी कंडक्टर. वर्दी चढली की सगळे सारखेच. कवायतीत पहिलं पाऊल डाव्याचं, याचा मला माज होता. का नसावा?

मागची लढाई माझ्या जन्माआधीच होऊन गेलेली, पुढची येता येत नव्हती. मधल्या काळात पलटणीनं पुराचा गाळ उपसला, पुलांवर पहारा दिला, उघड्या टेकड्यांवर झाडं लावली. गाळात आधी मीच रुतायचो. गावात मात्र भाऊंना 'दोन महिन्यांचे फौजी' म्हणून हसत. त्यांची इच्छा ती केवढी? पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात फौजींच्या रांगेत उभं राहायचं. दर वर्षी मला चकाकवून ते जायचे आणि कुणी बोलवेल म्हणून कडेला थांबायचे.

मग एका उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि पलटणीला बोलावणं आलं. गावानं बँड लावला. झेंडावंदनाचा सगळा कारभार छगननानांकडे, त्यांनी स्वतः हार घातला. म्हणाले, "सत्तारभाऊ, बठ्ठं गाव तुमना मांगे शे." म्हणजे अख्खं गाव पाठीशी! बायको खातूनभाभी ओढणीत तोंड लपवून रडत होत्या. आम्ही तळावर पोचलो आणि लढाई थांबली. आठवड्यात घरी परतलो, तेव्हा निघताना दारावर टांगलेला तो हार अजून तिथेच होता. आम्ही धडधाकट आलो, याचीच गावाला पंचाईत झाली असावी.

त्या पंधरा ऑगस्टला भाऊ थेट रांगेत जाऊन उभे राहिले. छगननाना हळूच जवळ आले.

"भाऊ, हाई रांग लढेलसनी शे. तुमनी लढाई तं व्हयनीच नही. मांगे उभा ऱ्हा."

भाऊ मागे गेले. राष्ट्रगीत संपेपर्यंत ताठ उभे होते. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीच्या सुमारास तेच छगननाना दारात आले. "नवा घरले टांगाले एखादा जुना बूट द्या, भाऊ. नजर लागाले नको."

भाऊंनी ट्रंक उघडून मला बाहेर काढलं.

"वो पलटन का है," खातूनभाभी म्हणाल्या.

"था," एवढंच बोलून भाऊंनी मला नानांच्या हातात दिलं.

तर आता मी इथे पहाऱ्यावर आहे. रांगेत जागा नव्हती, गच्चीवर मिळाली. पोटात पाणी साचतं, टाके उसवलेत. छगननाना, तुमच्या घराला नजर लागू देणार नाही, तेवढं काम मी करीन. पण उजवा अजून त्या ट्रंकेत एकटा पडलाय, हे ध्यानात असू द्या. उद्या पुन्हा तोफा सुरू होतील, तुम्ही हार घेऊन भाऊंच्या दारात जाल, आणि पहिलं पाऊल टाकायला मी तिथे नसेन.