कोंबड्यांच्या वाटणीचा पाला

कडावजवळच्या आमच्या शाळेत बारा वर्षं खिचडी मी शिजवते. पातेलं रिकामं परत येतं, घासायला घेतलं तर दाणा सापडायचा नाय. याला कोणी माझा माज म्हणत असेल तर खुशाल म्हणावं.

यंदा सुनीतीबाई आल्या, कर्जतच्या. त्यांची शिकवायची तऱ्हाच निराळी. भिंतीवरचा जीवनसत्त्वांचा तक्ता काढून ठेवला आणि पोरांना म्हणाल्या, "आपण आठवडाभर काय खातो ते तुम्हीच शोधा. एकमेकांना विचारा, वाद घाला, मग नवा तक्ता करा." एखाद्यानं विचारलं, "बाई, बरोबर कोणाचं?" तर म्हणायच्या, "तू तिला पटवून दे." आणि स्वतः गप्प. बसल्या जागी शिकवणं ते हेच, मी मनात म्हटलं.

फराह आणि साईराजचा गट वही घेऊन माझ्या चुलीपाशी आला.

"मावशी, आमी परसबागेतला शेवग्याचा पाला खुडून दिला होता. खिचडीत कुठं हाय?"

"शिजून विरघळला."

"आमच्या घरी विरघळत नाय," साईराज म्हणाला.

"मग तुझ्या आईला विचार. पळ इथनं."

दुसऱ्या दिवशी तक्त्यात अंडं घ्यायचं म्हणून त्यांनी माझ्याकडनंच एक मागून नेलं, दुकानातलं एक आणलं आणि दोन्ही ताटलीत फोडली. माझ्या कोंबडीच्या अंड्याचा बलक गर्द केशरी, दुकानातला फिका. यावरनं दुपारपर्यंत वाद. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. मावशीच्या कोंबड्या वेगळं काय खातात? मग फराह म्हणाली, "मावशीच्या अंगणात मी शेवग्याचे देठ बघितलेत." आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं.

खरं ते सांगते. आधी मी पाला घालत होते. पोरं तो वेचून ताटाच्या कडेला लावायची आणि खिचडी उरायची. एकदा शाळेच्या कमिटीतल्या माणसानं उरलेलं बघून तोंड वाकडं केलं. ते मला लय लागलं. तेव्हापासून पाला पदरात बांधून घरी नेते, कोंबड्यांना घालते.

शनिवारी कमिटीची सभा होती. पुढच्या वर्षी चुलीवर कोण, ते तिथंच ठरतं. आणि पोरं तक्ता वाचणार तेही तिथंच. शुक्रवारी मी सुनीतीबाईंना गाठलं. म्हटलं, "तुमच्या शिकवण्यापायी माझी चूल जाणार."

त्या म्हणाल्या, "मावशी, काय लिहा ते मी मुलांना सांगितलं नाही. काय लिहू नका तेही सांगणार नाही." असा राग आला की घरी जाऊन जेवलेसुद्धा नाय.

सभेत फराह उभी राहिली. "शेवग्याचा पाला ताटात दिसत नाही. कारण, आम्ही वेचून टाकतो." खाली अकरा जणांची नावं, ज्याच्या त्याच्या अक्षरात. पहिलं तिचं. माझं नाव कुठंच नाय, कोंबड्या नायत, अंडंही नाय.

सुटले, असं वाटलं. मग साईराजकडं लक्ष गेलं. तो माझ्याकडं बघेना. चार दिवस भांडून पोरांनी खरं शोधलं होतं आणि माझ्यासाठी गिळलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. मी उठले.

"तक्ता खोटा हाय," मी म्हटलं. "पाला ताटापर्यंत मीच येऊ देत नाय. माझ्या कोंबड्या खातात."

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे फराहचे वडील, अकरमभाई. त्यांनी चष्मा काढला. फराहनं मात्र पेन उघडलं.

"का, मावशी?"

"पातेलं रिकामं दिसावं म्हणून गं."

तिनं ते लिहून घेतलं. मग पोरं तिथंच सुरू झाली. पाला बारीक चिरायचा. नाय, डाळीतच घोटायचा. वेचून टाकायचा नाय, असं आधी आपसात ठरवायचं. कमिटी नुसती बघत बसली.

शेवटी अकरमभाई म्हणाले, "ते राहू दे. चूल कोणाकडं द्यायची ते आधी ठरवू."

"अब्बा, थांबा जरा," फराह मान वर न करता म्हणाली. "मावशी आमच्या गटात हाय. मावशी, बस ना इथं, चिरायचा की घोटायचा ते सांग."

मी पोरांच्यात सतरंजीवर बसले. डोळे पुसले ते सगळ्यांसमोर पुसले. म्हटलं, "घोटायचा."

चूल माझ्याकडंच राहिली. मंगळवारी पाला घातला, तर पातेल्याच्या तळाशी दीड डाव खिचडी उरली. साईराजनं वहीत लिहिलं, दीड डाव. मी त्याला लिहू दिलं. घरी जाऊन कोंबड्यांपुढं नुसते देठ टाकले.