केकवरची अक्षरं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबा पडले. कोठीतल्या वरच्या फळीवरून साच्यांचा डबा काढायला ते स्टुलावर चढले, स्टूल कलंडलं आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. बाबांनी डाव्या हाताच्या बोटांवर आठवडे मोजले आणि "म्हणजे वर्षअखेर गेली" एवढंच म्हणाले.

बेकरीत भट्टी दादा सांभाळायचा आणि काउंटर वहिनी. केकवर फुलं काढणं आणि नावं लिहिणं मात्र बाबांकडे होतं. दादाचा हात जड. त्यानं एकदा 'अभिनंदन' लिहिलं होतं, ते गिऱ्हाइकानं तीनदा वाचून 'अभिवादन' का लिहिलंय असं विचारलं होतं. वहिनीचं अक्षर बरं होतं, पण वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात काउंटर सोडून तिला आत येताच आलं नसतं. तेव्हा दादानं धाकट्या बहिणीला फोन केला.

धाकटी चार तासांवरच्या शहरात राहायची आणि दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि बारीक सुऱ्या. बहीण-भावाचं नीट जमायचं, महिन्यातून दोनदा बोलणं व्हायचं. पण वर्षअखेरीला ती घरी येत नसे. आई गेल्यापासून सहा वर्षांत एकदाही आली नव्हती. उन्हाळ्यात यायची, दोन दिवस राहायची, बाबांशी हवापाण्याचं बोलायची आणि परत जायची.

"एकशे तीस केक आहेत," दादा म्हणाला. "बाबा डाव्या हातानं लिहून बघतायत. बघवत नाही."

"बाबांनी मला बोलवायला सांगितलं?"

"नाही. मी सांगतोय."

तिनं विचार करून सांगते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सहा दिवसांची रजा टाकली.

सहा वर्षांपूर्वी झालं होतं ते असं. त्या काळी केकवर अक्षरं आई लिहायची आणि फुलं बाबा काढायचे. एकोणतीस तारखेला पहाटे आई गेली. चार दिवसांचा ताप आणि मग छातीत कफ, बस तेवढंच. दुपारपर्यंत सगळं उरकलं. घरात नातेवाईक बसले होते, शेजारच्यांनी चहा केला होता. चार वाजता बाबा उठले, खुंटीवरचा ॲप्रन घेतला आणि रस्ता ओलांडून बेकरीत गेले. धाकटी मागोमाग गेली. रस्त्यापलीकडून सगळे नातेवाईक बघत असताना ती बेकरीच्या दारात उभी राहून म्हणाली, "माणूस गेल्याचं तुम्हाला काही आहे की नाही?" बाबा म्हणाले, "सहा वाजता गिऱ्हाईकं येतील." तिनं काचेतून पाहिलं तेव्हा ते केकवर वाकून नाव लिहीत होते. तेवढ्यावर ते बोलणं थांबलं, आणि मग थांबलेलंच राहिलं.

सव्वीस तारखेला ती सकाळच्या बसनं उतरली आणि थेट बेकरीत आली. भट्टीची खोली होती तशीच होती: भिंतीलगत मैद्याची पोती, मधे लांब टेबल, कोपऱ्यात केक ठेवायची फिरती चकती. बाबा पालथ्या क्रेटवर बसले होते. हात गळ्यात अडकवलेला, अंगात ॲप्रन.

"आलीस," ते म्हणाले.

"आले."

"हात धू. कोपरापर्यंत."

तिनं हात धुतले. बटर पेपरचा कोन कसा वळायचा ते तिला लहानपणापासून माहीत होतं, पण टोक किती कापायचं ते आठवेना.

"तांदळाच्या दाण्याएवढं," बाबा म्हणाले. "त्याहून मोठं कापलंस तर अक्षराला पोट सुटतं."

पहिला केक तिनं घाबरत लिहिला. शिरोरेघ उताराला लागली. बाबांनी मान पुढे काढून पाहिलं आणि बोटानं शेवटच्या अक्षराकडे दाखवलं. "हा गडी दारू पिऊन आलाय. बाकीचे ठीक आहेत." तिनं सुरीनं ते अक्षर अलगद उचलून काढलं आणि पुन्हा लिहिलं. दहाव्या केकपर्यंत हात बसला.

"तिकडे तुझ्या कामात लिहावं लागतं का काही?" बाबांनी विचारलं.

"वृद्धाश्रमातून कवळ्या येतात. त्यांच्या आतल्या बाजूला नावं कोरावी लागतात."

"कशाला?"

"अदलाबदल होते. सगळे रात्री एकाच टेबलावर काढून ठेवतात. एकदा दोन आजोबा आठवडाभर एकमेकांच्या दातांनी जेवत होते."

बाबा हसले. आवाज आला नाही, पण खांदे हलले आणि मनगटात कळ आली म्हणून थांबले. भट्टीशी उभ्या असलेल्या दादानं मागे वळून पाहिलं आणि पुन्हा ट्रे आत सरकवला.

पुढचे दोन दिवस असेच गेले. पहाटे पाचला स्पंज भट्टीतून निघायचे, नऊपर्यंत गार व्हायचे, दादा त्यांच्या कडा कापायचा, थर लावायचा, क्रीम फासायचा आणि चकतीवर आणून ठेवायचा. धाकटी लिहायची. वहिनी दर अर्ध्या तासानं ऑर्डरच्या चिठ्ठ्या आणून टेबलाच्या खिळ्याला टोचायची. बोलणं कामापुरतं होत होतं. "क्रीम घट्ट झालंय." "थोडं दूध घाल." "नावात दोन 'ल' आहेत की एक?" "वहिनीला विचार." कुणी त्या दिवसाबद्दल बोललं नाही, आणि न बोलण्याचा ताणही हातात काम असल्यामुळे फारसा जाणवला नाही.

एकोणतीस तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला वहिनी घरी जेवण लावायला गेली आणि धाकटी काउंटरवर आली. एक बस ड्रायव्हर केक न्यायला आला. साठीचा, टक्कल पडलेला, गणवेशाचा शर्ट. त्याच्या बायकोचा वाढदिवस त्याच दिवशी असायचा. तिनं खोका उघडून केक दाखवला. त्यानं चष्मा लावून नाव वाचलं.

"तुम्ही त्यांची मुलगी का?"

"हो. धाकटी."

"अक्षर तुमच्या आईच्या वळणाचं आहे." त्यानं झाकण लावलं, पण खोका उचलला नाही. "मी दरवर्षी येतो. त्या वर्षीही आलो होतो. मला ठाऊकच नव्हतं हो. नेहमीसारखा आलो, केक घेतला आणि गेलो. घरी गेल्यावर बायको म्हणाली, अहो, बेकरीवाल्यांची बायको आज पहाटे गेली, आणि तुम्ही केक घेऊन आलात? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

धाकटी खोक्याला दोरी बांधू लागली.

"मग परत आलो. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो तर तुमचे बाबा एकटे ट्रे घासत होते. मी म्हणालो, मला माहीत नव्हतं, माफ करा. ते म्हणाले, तिकडची घासणी घ्या."

"घासणी?"

"हो. मग घेतली. तासभर आम्ही दोघं ट्रे घासत होतो. एक शब्द नाही. ते मधेच थांबायचे, नळ सोडून तसेच उभे राहायचे. मग पुन्हा घासायचे. शेवटी म्हणाले, बायको वाट बघत असेल, निघा आता." त्यानं खोका दोन्ही हातांनी उचलला. "कुणाला सांगितलं नाही मी. आज तुम्हाला बघून आठवलं. राग मानू नका."

"नाही," ती म्हणाली. "राग कसला."

दुपारी तीन वाजता गिऱ्हाइकांची गर्दी ओसरायची. दादा पोत्यांवर आडवा झाला होता आणि घोरत होता. धाकटीनं दोन कप चहा केला आणि एक बाबांच्या डाव्या हातात दिला. ती टेबलाला टेकून उभी राहिली. मग तिनं विचारलं.

"त्या दिवशी दुकान बंद का नाही ठेवलंत?"

बाबांनी कप खाली ठेवला. प्रश्न कुठल्या दिवसाबद्दल आहे ते त्यांनी विचारलं नाही.

"घरी सगळे माझ्याकडे बघत होते," ते म्हणाले. "मी काय करतो, रडतो का, जेवतो का. तुझी आत्या तर डोळ्यांत तेल घालून बघत होती. इथे कोणी बघत नव्हतं."

"मी बघत होते. काचेतून."

"दिसलीस मला."

"मग बाहेर का नाही आलात?"

"हातात कोन होता," बाबा म्हणाले. मग स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नसावं, कारण ते पुढे म्हणाले, "चिठ्ठ्या तिनं लिहिलेल्या होत्या. आजारी पडायच्या आधी. कुणाला काय नाव, कुठला रंग, सगळं तिच्या अक्षरात. कुणीतरी येऊन त्या गोळा करणार, फोन करून लोकांना नाही म्हणून सांगणार, ते मला नको होतं."

"मला सांगायचं होतंत."

"तू विचारलंस कुठं? तू सगळ्यांसमोर सुनावलंस."

हे खरं होतं. तिला ते आवडलं नाही, पण खरं होतं. ती म्हणाली, "सहा वर्षं होती ना बाबा, कधीही सांगता आलं असतं."

"हो," बाबा म्हणाले. "तुलाही विचारता आलं असतं."

दोघांनी चहा संपवला. माफी कुणी मागितली नाही. धाकटीला आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, पण रागही पुरता गेला नव्हता. तो आता स्वतःवर आणि बाबांवर अर्धा अर्धा वाटला गेला होता. तिनं कप विसळले आणि खिळ्यावरची पुढची चिठ्ठी काढली.

एकतीस तारखेला नेहमीप्रमाणे नाकी नऊ आले. एका गिऱ्हाइकाच्या हातून केक दारातच पडला, वहिनीनं त्याला शेल्फवरचा तयार केक दिला आणि धाकटीनं दोन मिनिटांत नाव लिहून दिलं. संध्याकाळी साडेसातला शटर ओढलं. बाहेर लोक नवीन वर्षाची वाट बघत होते आणि हे चौघे नऊच्या आत झोपले. एक तारखेला दुपारच्या बसनं ती परत गेली.

बेकरीवाल्या या घराचं नवीन वर्ष दरवर्षी उशिरा यायचं, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी. आजोबांच्या वेळेपासून तसंच. त्या दिवशी दुकान बंद, सगळे घरी, आणि पानात गोड काही नाही. महिनाभर साखरेत हात घातलेल्या माणसांना गोडाचा वासही नको असतो. भाजलेले बटाटे, भरपूर मिरी घातलेलं सूप, खारे दाणे. या रविवारी आत्या दहा वाजताच आली होती, आणि साडेअकराला धाकटी आली. येणार म्हणून तिनं कुणाला कळवलं नव्हतं. वहिनीनं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चार बटाटे आणखी धुतले.

जेवताना गेलेल्या माणसांचा विषय निघायचा. मुद्दाम कुणी काढत नसे, आत्या असली की तो निघतच असे. तिनं आधी आजोबांचं सांगितलं, ते झोपेतसुद्धा पीठ मळायचे आणि आजी उशी लपवून ठेवायची ते. मग आईवर आली.

"तुमच्या आईनं एकदा काय केलं होतं माहितीये? एका साहेबांच्या निवृत्तीचा केक होता. 'सुखाचे दिवस' लिहायचं होतं. हिनं लिहिलं 'सुटकेचे दिवस'. ऑफिसातले लोक एवढे हसले की साहेबानं खास येऊन विचारलं, हे कुणी सांगितलं लिहायला."

"मग आई काय म्हणाली?" दादानं विचारलं.

"म्हणाली, कुणाची सुटका ते मी लिहिलेलं नाही."

सगळे हसले. बाबा एरवी या गप्पांत नसत. आईचा विषय आला की ते उठून पाणी प्यायला जात. या वेळी ते बसून राहिले आणि डाव्या हातानं बटाट्याची साल काढत म्हणाले, "लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं कोन हातात घेतला. मी बाहेर गेलो होतो. परत येऊन बघतो तर बारा केकवर स्वतःचंच नाव. सरावाला दुसरं काही सुचलं नाही म्हणाली."

"मग खरवडलंत?" धाकटीनं विचारलं.

"वेळ कुठं होता? तसेच विकले. बारा घरांत तिचं नाव गेलं. एक बाई दुसऱ्या दिवशी भांडायला आली, की माझ्या नवऱ्यानं आणलेल्या केकवर ही कोण."

आत्याला ठसका लागला. वहिनीनं पाणी दिलं आणि मग स्वतःच हसत खुर्चीत बसली. बाबाही हसत होते. हसता हसता त्यांचे डोळे भरले, तेव्हा कुणीही त्यांच्याकडे बघितलं नाही. दादानं सूप वाढलं. धाकटी ताटात बघून जेवत राहिली.

प्लास्टर निघालं ते जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. मनगट सांधलं, पण पूर्वीसारखं वळेना. फुलं जमायची, बारीक अक्षर जमेना. तेव्हा रोजच्या केकांवर वहिनी लिहू लागली, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच धाकटीनं शेवटच्या आठवड्याची रजा टाकली. त्या आठवड्यात तिचं आणि बाबांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, निळा रंग खाण्याच्या वस्तूवर शोभतो का यावरून. दोघांनी अख्खी सकाळ तोंडं फिरवून काम केलं. दुपारी बाबांनी निळं क्रीम स्वतःच कालवून तिच्यापुढे सरकवलं, आणि ती म्हणाली, "फार गडद झालंय," आणि तेच वापरलं.