लंकाबाई पावसाला आली

आमच्या नातीचं, वेदिकाचं, बारसं झालं ते साल. त्याच दिवाळीनंतर माझी धाकटी बहीण लंकाबाई पोराकडे राजस्थानात राहायला गेली. गोरक्ष तिचा एकुलता एक. जोधपूरच्याही पुढे, उन्हावर वीज तयार करणाऱ्या कंपनीत तो कामाला. नवरा गेल्यावर घोटीच्या वरच्या अंगाला, आमच्या गावात, तिनं एकटीनं किती दिवस काढायचे?

पहिल्याच पावसाळ्यात तिचे फोन सुरू झाले.

"दादा, तिकडं झड लागली का?"

आमच्याकडे आषाढात बारीक पाऊस एकदा धरला की दिवसचे दिवस सोडत नाही, त्याला झड म्हणतात.

"लागली की. काडीसुद्धा पेटंना."

"आणि कपडे?"

"कशाचे वाळतात? डाल्यावर टाकलेत."

डालं म्हणजे कोंबड्या झाकायची बुरडी टोपली. ती निखाऱ्यावर पालथी घालायची आणि वरून ओले कपडे पसरायचे. सगळ्या गावाच्या अंगाला मग धुराचा वास.

"बरंय बाबा तुमचं," ती म्हणायची. "इथं धुणं टाकून वळलं तर पहिलं लुगडं वाळलेलं. पापड महिनाभर उघडा ठेवा, मऊ पडत नाय. मीही वाळून जाईन एक दिवस."

दुसऱ्या वर्षी तिनं पोरामागे हट्टच धरला. मला एकदा झड बघायची, बास. गोरक्षचा मला फोन आला.

"मामा, तिला दमा आहे. डॉक्टर ओलाव्यात नको म्हणतात."

"मग?"

"मग काय, ऐकते का ती? पंधरा दिवस पाठवतो. परतीचं तिकीट काढूनच."

आषाढात लंकाबाई आली. आली त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, आणि ते हटेना.

भाताची रोपं नुकतीच लावलेली. खाचरातलं पाणी आटायला लागलं. शेजारचा सहादू बांधावरून ओरडला, "आत्या, येताना राजस्थान पिशवीत भरून आणलं का काय?"

पहिल्यांदा ती हसली. पण चार घरी तेच ऐकलं तेव्हा तिनं दाराबाहेर पडायचंच सोडलं. माझी बायको भागुबाई मात्र खूश. आषाढात असं ऊन कुठं मिळतं? घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या तिनं अंगणात टाकल्या.

"वन्सं, तुमचा पायगुण चांगला. लय दिवसांनी ढेकूण मेले."

"वहिनी, काढा आधी त्या गोधड्या! त्या बघूनच पाऊस मागं फिरतोय."

जायचा दिवस आला तरी आभाळ कोरंच. सकाळी मी तिची पिशवी दाराशी आणून ठेवली. ती चुलीपुढून उठली नाही.

"लंके, गाडी नाशिकरोडवरून हाय. निघायला पाहिजे."

"तू जा."

"असं काय करते?"

"दादा, पुढच्या साली मला हे जमायचं नाय. छाती सांगती ना. मी झड बघितल्याबगर जात नाय. गोरक्षला तू सांग."

मी सांगितलं. तो म्हणाला, "दम्याचा पंप जवळ ठेवायला सांगा तिला." आणि फोन ठेवला.

अमावस्या झाली आणि झड लागली. वाऱ्याबरोबर तिरपी, पिठासारखी. समोरचा डोंगर गेला, मग सहादूचं घर गेलं, मग आमच्या अंगणातली चिंचही दिसेना. चुलीचा धूर घरातच फिरू लागला. मीठ पाझरलं. लंकाबाई पडवीत घोंगडी घेऊन बसून राहिली. मी मनात म्हटलं, मिळालं हिला हवं ते.

तिसऱ्या दिवशी डाल्यावरचं लुगडं उलटवता उलटवता ती एकदम कडाडली, "मेला थांबायचं नाव घेतो का बघा! घरजावयासारखा ठाण मांडून बसलाय!"

भागुबाई म्हणाली, "मग जावा की राजस्थानात. कोणी अडवलंय?"

दोघी हसत सुटल्या. लंकाबाईला हसता हसता खोकला लागला, पंप ओढला, तरी हसतेच आहे.

"वहिनी, तिकडं चार थेंब पडले अन् मी म्हटलं, आला मुडदा. तर शेजारीण माझ्यावर किती चिडली! तिथं पावसाला हात जोडतात. आमची निकिता बी त्यांच्यातलीच झाली आता, म्हणती सासूबाई असं बोलू नये. याला शिव्या द्यायला माणूस नाय हो तिकडं."

मग दोघींनी मिळून पावसाचा असा उद्धार केला की मी गोठ्यात निघून गेलो.

त्यानंतर तिनं जायचं नाव काढलं नाही. श्रावणात तिची छाती भरू लागली. घोटीच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, थोडं बरं वाटलं, परत भरली. गणपतीत गोरक्ष आणि निकिता आली. त्यानं आईचे पाय चेपत विचारलं, "आई, जायचं का आता घरी?"

"उघडू दे जरा," ती म्हणाली. "एवढ्या पावसात कोणी निघतं का, येड्या?"

पाऊस उघडला नाही. माझी बहीण लंकाबाई दोन हजार चोवीस साली, अनंत चतुर्दशीच्या दिवशी सकाळी वारली.