दाराच्या आतली नळी

मिस्त्रीचे सारे आयुष्य एकाच जपानी गाडीचा पत्रा ठोकण्यात गेले होते. शर्यतीच्या शौकिनांच्या त्या गाडीच्या चारही पिढ्या त्याच्या हाताखालून गेल्या. पहिली कागदासारखी हलकी. दुसरीला इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो बसला आणि ती उधळली. वळणावळणांवर तिने माणसे गिळली, तेव्हा कुठे तिसरीच्या दारांत आडव्या पोलादी नळ्या आल्या, छताचे खांब जाड झाले. चौथी तर वजनाने पार सुस्तावली, असे शौकीन नाक मुरडून म्हणत. "वाढलेल्या प्रत्येक किलोमागे कुणीतरी मेलेलं असतं," असे मिस्त्री नव्या कारागिरांना बजावत असे.

जावयाची गाडी तिसऱ्या पिढीची होती.

"मामा, पहिली पिढी म्हणजे लग्नातली तुमची लेक," जावई गेल्या वर्षी गॅरेजात म्हणाला होता, "आणि ही म्हणजे आत्ताची!"

"ऐकतेय हं मी!" लेक बाहेरून ओरडली.

"तिचं काही होणार नाही, गाडी तरी हलकी करा. डोंगरातली शर्यत आहे."

"जावईबापू, नळ्या काढल्या तर दाराचा नुसता डबा उरेल."

"शर्यत झाली की परत बसवा की!"

मिस्त्रीला जावयाचे मन मोडवेना. त्याने दोन्ही दारांतल्या नळ्या कापल्या. शर्यत झाली, आणि बसवायचे काम आज-उद्यावर पडत गेले.

तीन आठवड्यांपूर्वी गाडी लेक चालवत होती. पिवळा दिवा लाल होता होता तिने ती चौकात घातली, आणि दुधाची व्हॅन शेजारी बसलेल्या जावयाच्या दारावर आदळली. तो जागीच गेला. पोलिसांनी चूक लेकीची लिहिली. त्या चेंदामेंद्यात काय नव्हते, हे ओळखणारा माणूस एकच होता, आणि त्याला कुणी काही विचारले नव्हते. तो गप्प राहिला असता, तर लेक त्याची राहिली असती.

तो लेकीच्या सासरी हे सांगायला आला, तेव्हा तिच्यापुढचे ताट तसेच होते. सासू स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मुलगा गेल्यापासून ती सुनेशी एक शब्द बोललेली नव्हती.

"मीच मारलं त्याला, बाबा."

"दिव्याची चूक तुझी," मिस्त्री म्हणाला. खोटे सांत्वन त्याला कधी जमले नव्हते. "पण त्या दारात नळी नव्हती. मी कापली होती. ती असती तर बरगड्या मोडल्या असत्या, पाय गेला असता. जीव वाचला असता बहुतेक."

"बहुतेक?"

"नक्की नाही सांगता येत, बाळा. पण वाचतात माणसं. म्हणून तर बसवतात ना."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"वजन किती वाचलं?"

"एका दाराला चार किलो."

तिने नजर ताटाकडे वळवली, ती पुन्हा वर केली नाही. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. विहीणबाई ओले हात घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

"निघा तुम्ही," त्या म्हणाल्या. "पुन्हा या घरात पाऊल टाकू नका."

मिस्त्री बाहेर आला. चपलेत पाय नीट जाईना, म्हणून तो भिंत धरून वाकला.

"ऊठ गं," आतून विहीणबाईंचा आवाज आला. "गार झालंय ते. दुसरं वाढते."